गावाची लोकसंख्या आणि गावाची एसटी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात राहतो, मूळ गाव वेल्हे तालुक्यातलं. जिल्ह्यातल्या गावांचे माहितीतक्ते जमवायचा आणि गावात जाऊन ते पडताळून बघायचा नाद आहे. त्यामुळे राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरासाठी गावाचा अहवाल लिहिणारी मुलं विचारतात, नवे ग्रामपंचायत सदस्य विचारतात, आणि हल्ली गुंठाभर जागा बघायला निघालेले पुणेकरही विचारतात. प्रश्न साधारण तेच असतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो आहे.

गावाची खरी लोकसंख्या म्हणून कुठला आकडा धरायचा?

२०११ च्या जनगणनेचा. तो आकडा २८ फेब्रुवारी संपून १ मार्च २०११ लागला त्या रात्री बाराच्या ठोक्याचा आहे. २०२१ ची जनगणना कोविडमुळे पुढे गेली, त्यामुळे त्यानंतरचा गावनिहाय मोजलेला आकडाच नाही. कुठल्याशा संकेतस्थळावर ‘२०२४ ची लोकसंख्या’ दिसली, तर ती कुणी दारोदार फिरून मोजलेली नसते. जिल्ह्याचा वाढीचा दर घेतला आणि गावाच्या जुन्या आकड्याला लावला, एवढाच तो उद्योग.

हा उद्योग पुणे जिल्ह्यात विशेष फसतो. २००१ मध्ये जिल्हा ७२,३२,५५५ माणसांचा होता, २०११ मध्ये ९४,२९,४०८ झाला. दहा वर्षांत तीस टक्क्यांवर वाढ. पण ही वाढ झाली कुठे? पुणे, पिंपरी-चिंचवड आणि त्यांच्या कडेकडेनं. त्याच दहा वर्षांत वेल्हे तालुका वाढायचा सोडून किंचित घटला. २०११ मध्ये तिथं ५४,५१६ माणसं होती. पुण्यातल्या एखाद्या उपनगराएवढीही नाहीत. अशा तालुक्यातल्या गावाला तीस टक्के वाढ चिकटवली की कागदावर घरं भरतात आणि गावात गेलं की कुलपं दिसतात.

जनगणनेतलं गाव म्हणजेच आमची ग्रामपंचायत का?

बऱ्याचदा नाही. जनगणना महसुली गाव धरते, म्हणजे ज्याचा स्वतंत्र नकाशा आणि सातबाऱ्याचं स्वतंत्र दप्तर आहे ते. दोन-तीन लहान महसुली गावं मिळून गट ग्रामपंचायत होते. उलट एका महसुली गावात पाच-सात वाड्या, एखादी धनगरवस्ती, एखादी कातकरीवाडी असते. या सगळ्यांची बेरीज एकाच नावाखाली येते. डोंगरावरची वाडी गावठाणापासून तासाभराच्या चढावर असली तरी तक्त्यात ती वेगळी दिसत नाही. तिथली शाळा, तिथलं पाणी, तिथला रस्ता, सगळं ‘गावात आहे’ या दोन शब्दांत बुडून जातं.

आकडा शून्य दिसला तर दचकू नका. ते बेचिराग गाव असतं: महसुली नोंद आहे, जमीन आहे, वस्ती नाही. धरणांच्या तालुक्यांत अशी नावं भेटतात.

एकाच नावाची चार गावं आहेत, आमचं कुठलं?

नावावर जाऊ नका, प्रत्येक गावाला दिलेला सहा आकडी संकेतांक बघा. वडगाव मावळ, वडगाव शेरी, वडगाव बुद्रुक, शिवाय बुद्रुक-खुर्दाच्या जोड्या. नावानं शोधलं तर हमखास भलत्याच गावाची माहिती उचलली जाते. आंबेगाव बुद्रुक पुण्याला लागून आहे आणि आंबेगाव तालुका पार भीमाशंकराच्या अंगाला. एका विद्यार्थिनीनं कात्रजजवळच्या गावाच्या अहवालात डिंभे धरणाचं पाणी आणलं होतं, तेव्हापासून हा प्रश्न मी वरच्या यादीत ठेवला आहे.

संकेतांक आणि पिनकोड यांतही घोळ होतो. दोन्ही सहा आकडी, पण पिनकोड टपालाचा, आणि एका पिनकोडात दहा-पंधरा गावं सहज असतात.

‘तालुक्यापासून अंतर’ म्हणजे नक्की कुठपासून?

तालुक्याचं मुख्य ठिकाण जिथं असेल तिथपासून. हे सांगायची वेळ येते, कारण पुणे जिल्ह्यात तालुक्याचं नाव आणि तालुक्याचं गाव यांची फारकत फार. मुळशीची तहसील कचेरी पौडला, मावळची वडगावला, पुरंदरची सासवडला. खेड तालुक्याचं ठिकाण कागदोपत्री राजगुरुनगर, बोलताना अजूनही खेडच. आंबेगावची कचेरी घोडेगावला, आणि मूळ आंबेगाव तर डिंभे धरणात गेलं. हवेली नावाचं तर गावच नाही. आणि वेल्हे तालुक्याचं नाव आता राजगड झालं आहे. २०११ च्या तक्त्यांत मात्र वेल्हेच शोधावं लागेल.

शिवाय हे अंतर रस्त्याचं असतं, वेळेचं नसतं. सपाटीवरचे पंचवीस किलोमीटर आणि घाटातले पंचवीस किलोमीटर तक्त्यात सारखेच.

आमच्या गावात पुरुषांपेक्षा बायका जास्त कशा? आकडा चुकला का?

बहुधा बरोबर असतो. लिंग गुणोत्तर म्हणजे दर हजार पुरुषांमागे किती स्त्रिया. समजा गावात ४१२ पुरुष आणि ४४८ स्त्रिया आहेत, तर ४४८ ला ४१२ नं भागून हजारानं गुणायचं: १०८७. पुणे जिल्ह्याचा २०११ चा आकडा ९१५ होता. मग हे गाव ‘पुढारलेलं’ का? तसा निष्कर्ष काढणारे अहवाल मी वाचले आहेत. ते मला पटत नाही.

मावळपट्टीतल्या गावांचे कर्ते पुरुष पिढ्यान्‌पिढ्या बाहेर आहेत. मुंबईचे डबेवाले प्रामुख्यानं मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर या तालुक्यांतले. गिरण्या होत्या तेव्हा गिरण्यांत, नंतर पुण्या-चाकणच्या कारखान्यांत, दुकानांत, रिक्षावर. बायको, म्हातारी आई आणि दोन म्हशी गावाकडे. मोजणी झाली तेव्हा गडी मुंबईत होता, म्हणून तो तिकडे मोजला गेला, इकडे बायका जास्त दिसल्या. जिल्ह्याचं गुणोत्तर खाली ओढणारे आणि गावाचं वर नेणारे पुरुष बऱ्याच अंशी एकच आहेत.

म्हणून गावात मुलींचं खरं काय चाललं आहे ते बघायचं असेल तर शून्य ते सहा वयोगटाचं गुणोत्तर बघा. लहान पोरं डबे पोचवायला जात नाहीत. जिल्ह्याचा तो आकडा ८८३ होता, म्हणजे एकूण गुणोत्तरापेक्षाही वाईट. गाव लहान असेल तर मात्र जपून: चाळीस-पन्नास मुलांत दोन-चार इकडेतिकडे झाली की गुणोत्तर गदागदा हलतं.

साक्षरतेची टक्केवारी आमच्या हिशोबानं जुळत नाही.

एकूण लोकसंख्येनं भागलं असेल. सात वर्षांखालची मुलं वगळायची असतात. ८६० लोकवस्तीत ९२ लहान मुलं आणि ५९० साक्षर असतील तर ७६८ नं भागायचं, उत्तर ७६.८ टक्के. ८६० नं भागलंत तर ६८.६ येईल आणि गाव उगाच आठ टक्क्यांनी अडाणी ठरेल.

‘मुख्य’ आणि ‘सीमांतिक’ काम करणारे म्हणजे कोण?

आधीच्या वर्षभरात सहा महिने किंवा जास्त काम मिळालं ते मुख्य, त्याहून कमी ते सीमांतिक. त्यांचे पुढे चार गट: शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योगातले आणि इतर. स्वतःची किंवा खंडानं घेतलेली जमीन कसणारा शेतकरी. दुसऱ्याच्या शेतात मजुरी करणारा शेतमजूर. चाकणला कंपनीत जाणारा, एसटीचा वाहक, शिक्षक, किराणा दुकानदार हे सगळे ‘इतर’ मध्ये, त्यामुळे रस्त्याकडेच्या गावांत हा गट फुगलेला दिसतो.

बायकांचा रकाना जरा जपूनच वाचा. घरच्यापुरतं दूध काढणं हेही जनगणनेच्या व्याख्येत काम आहे. पण मोजणीदारानं ‘घरच्या काय करतात?’ म्हणून विचारलं की ओट्यावर बसलेला बाप्या सांगतो, ‘काय नाय, घरीच असतात.’ त्या वेळी घरच्या धारेला बसलेल्या असतात.

बारामती, इंदापूर, दौंडकडच्या काही गावांत २०११ चा आकडा अपेक्षेपेक्षा जास्त का?

मोजणी ९ ते २८ फेब्रुवारीत झाली आणि तो ऐन गाळप हंगाम. नियम असा की जो माणूस मोजणीच्या सगळ्या दिवसांत घरापासून दूर असतो, तो जिथं सापडेल तिथं मोजायचा. बीड-नगरकडून आलेल्या ऊसतोड टोळ्या, वीटभट्टीवरची कुटुंबं यांची नोंद म्हणून उसाच्या किंवा भट्टीच्या गावात पडते. पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की ती माणसं निघून जातात, आकडा पंधरा वर्षं तिथंच राहतो. याची दुसरी बाजू अशी की मुळशी-वेल्ह्यातल्या कातकरीवाड्या नेमक्या त्याच दिवसांत भट्ट्यांवर गेलेल्या असतात, आणि त्यांच्या गावाचा आकडा तेवढा खाली येतो. योजनेचे पैसे लोकसंख्येवर ठरतात तेव्हा हा फरक कागदापुरता राहत नाही.

तक्त्यात वाहतुकीची कुठली माहिती मिळते?

जिल्हा जनगणना हस्तपुस्तिकेच्या पहिल्या भागात गावनिहाय सोयींची सूची असते. सार्वजनिक बस, खासगी बस, रेल्वे स्थानक, रिक्षा, टॅक्सी-व्हॅन, ट्रॅक्टर, बैलगाडी, अगदी होडीसुद्धा. जलाशयाच्या पलीकडच्या वाड्यांसाठी तो रकाना थट्टेचा नाही. शिवाय गाव कुठल्या रस्त्याला जोडलेलं आहे, रस्ता पक्का की कच्चा, की नुसती पायवाट. सोय गावात नसेल तर जवळच्या सोयीचं अंतर अक्षरात लिहिलेलं असतं: ए म्हणजे पाच किलोमीटरच्या आत, बी म्हणजे पाच ते दहा, सी म्हणजे दहाच्या पुढं. साडेचार किलोमीटर आणि अर्धा किलोमीटर दोन्ही ‘ए’. साडेचार किलोमीटर दप्तर घेऊन चालणाऱ्या पोराला हे सांगून बघा.

दुचाकीला या सूचीत जागाच नाही. घरात दुचाकी आहे का, हे घरयादीच्या वेळी, म्हणजे माणसं मोजण्याआधी घरांची नोंद होते तेव्हा, वेगळं विचारतात. दुधाचा पिकअप आणि वडापची, म्हणजे सीट भरून नेणारी खासगी जीपही ‘टॅक्सी-व्हॅन’ मध्ये कोंबावी लागते. म्हणजे आज गाव प्रत्यक्षात ज्यावर हलतं, ते या तक्त्यात नीट दिसतच नाही.

‘सार्वजनिक बस: हो’ असं लिहिलं आहे. मग बस आहे ना?

या एका प्रश्नासाठी हे सगळं लिहितो आहे असं समजा.

‘हो’ म्हणजे दिवसाला वीस फेऱ्या आणि ‘हो’ म्हणजे दुपारी एकदा येऊन पाच मिनिटांत तोंड वळवणारी गाडी. तक्ता दोन्हीला एकच शब्द देतो. म्हणून गावात गेलात की बस आहे का हे विचारूच नका. तीन गोष्टी विचारा: पहिली गाडी किती वाजता सुटते, शेवटची किती वाजता येते, आणि पावसाळ्यात ती कुठपर्यंत येते. दरड आली, मोरी खचली की गाडी अलीकडच्या गावातून परत फिरते. पुढची पायपीट चार महिने ठरलेली.

सगळ्यात महत्त्वाचं, गावात मुक्कामी गाडी आहे का. संध्याकाळी शेवटची एसटी येते, चालक-वाहक देवळात नाहीतर शाळेच्या पडवीत पथारी टाकतात, आणि पहाटे तीच गाडी तालुक्याला किंवा स्वारगेटला निघते. त्या पहिल्या गाडीत अकरावी-बारावीची पोरं, भाजीची गाठोडी, दवाखान्याला निघालेली म्हातारी आणि पुण्यात कामाला जाणारा गडी असतो. तो गडी संध्याकाळी परत येतो, म्हणजे तो गावातच राहतो, गावातच मोजला जातो. मुक्कामी गाडी बंद झाली की तो वर्षभरात धनकवडी-वारज्यात खोली बघतो. पुढच्या जनगणनेत गावाचा एक पुरुष कमी, आणि पोरं शाळेची झाली की त्यांच्यासकट बायकोही कमी. लोकसंख्येचा आणि वाहतुकीचा तक्ता वेगवेगळ्या पानांवर छापतात, पण वाचताना ती पानं शेजारी ठेवावी लागतात.

मुलींचं तर थेट गणित आहे. अहिल्याबाई होळकर योजनेत बारावीपर्यंतच्या मुलींना एसटीचा पास मोफत मिळतो. योजना चांगलीच आहे, पण पास दाखवायला कॉलेजच्या वेळेवर गाडी यावी लागते.

एसटी आणि पीएमपी यांत गावाला कुठली लागू?

राज्यातली पहिली एसटी १ जून १९४८ ला नगरहून पुण्याला आली. गावगाड्याचं नातं तेव्हापासून तिच्याशी. पीएमपी २००७ मध्ये पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या दोन शहर बससेवा एकत्र होऊन झाली, पण आता ती हद्दीबाहेरच्या बऱ्याच गावांत जाते. पाट्या वाचताना एक लक्षात ठेवा: सवलती वेगळ्या आहेत. एसटीत १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट, ७५ वर्षांवरच्यांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास. त्याच रस्त्यावर पीएमपी लागली म्हणून ते आपोआप मिळेल असं नाही. बायका फाट्यावर पीएमपी सोडून एसटीची वाट बघत उभ्या दिसतात, त्याचं कारण हे.

वेल्ह्याकडे जायचं तर स्वारगेटहून सातारा रस्त्यानं चेलाडी फाटा, तिथून नसरापूर, मार्गासनी, विंझर करत वेल्हे. फाट्यापर्यंत गाड्यांची ददात नाही. खरा प्रवास फाट्यानंतर सुरू होतो.

जवळचं रेल्वे स्थानक कुठलं?

लोणावळा लोकलच्या रेषेवरचं मावळ, मिरज मार्गावरचं पुरंदर, सोलापूर मार्गावरचं दौंड आणि इंदापुरातलं भिगवण, शिवाय दौंड-बारामती फाटा. इकडच्या गावांनी रेल्वेचा रकाना जरूर भरावा. मुळशी, भोर, वेल्हे, खेड, आंबेगाव, जुन्नर, शिरूर या सात तालुक्यांत रेल्वे नाही. तिथं बहुतेक गावांना ‘सी’ येतं; तालुक्याच्या हद्दीवरच्या गावांनी मात्र शेजारच्या तालुक्यातलं स्थानक बघावं.

प्रजिमा, इजिमा, ग्रामा म्हणजे काय?

प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग, ग्रामीण मार्ग. वर राज्य महामार्ग आणि राष्ट्रीय महामार्ग. खड्डा कुणाच्या दारात घेऊन जायचा हे या अक्षरांवर ठरतं: राज्य महामार्ग आणि प्रजिमा सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, इजिमा आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे. अर्ज भलत्या कचेरीत दिला तर सहा महिने फुकट जातात. आधी दगडावर किंवा फलकावर रस्त्याचा क्रमांक बघा.

आमच्या वाडीला रस्ता मिळण्यासाठी किती लोकसंख्या लागते?

प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २००० साली सुरू झाली तेव्हापासून सपाटीला ५०० आणि डोंगरी, आदिवासी भागाला २५० हा ढोबळ निकष. सध्याच्या चौथ्या टप्प्याला २०११ ची लोकसंख्या धरली आहे. इथं मोजमाप महसुली गावाचं नाही, वस्तीचं आहे. म्हणजे गावठाणाला डांबरी रस्ता आहे म्हणून वाडीचा हक्क जात नाही. पण वाडीची वेगळी लोकसंख्या गावाच्या तक्त्यात मिळत नाही, हे वर सांगितलंच. ती घरयादीच्या गटांवरून, अंगणवाडीच्या नोंदीवरून जुळवावी लागते. ग्रामसभेत ठराव करताना वाडीचं नाव आणि घरांची संख्या स्वतंत्र लिहा. ‘गावातील वाड्यांना रस्ता मिळावा’ असा मोघम ठराव कुणाच्याच कामाचा नसतो.

ग्रामपंचायतीचे सदस्य किती, हे लोकसंख्येवरून कळतं का?

कळतं. १५०० पर्यंत ७, मग ३००० पर्यंत ९, ४५०० पर्यंत ११, ६००० पर्यंत १३, ७५०० पर्यंत १५, त्यापुढं १७.

महापालिकेत गेलेल्या गावांचं काय करायचं?

पुण्यात २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं घेतली गेली. २०११ च्या तक्त्यांत यांतली बहुतेक ग्रामीण भागातच सापडतील, आणि तो आकडा आजच्या वाघोली किंवा नऱ्ह्याला लावणं म्हणजे आजोबांच्या मापाचा सदरा नातवाला घालणं. हिंजवडी तर इतका आयटीचा पसारा असूनही त्या २३ मध्ये नव्हती. कोण ‘गाव’ आणि कोण ‘शहर’, हे इमारतींच्या उंचीवर ठरत नाही.

मी पुण्यात राहतो, मतदान गावाला करतो. २०२७ च्या जनगणनेत माझी नोंद कुठं होईल?

पुण्यात, जर फेब्रुवारी २०२७ मध्ये मुक्काम पुण्यात असेल तर. संदर्भक्षण, म्हणजे आकडा ज्या क्षणाचा धरतात तो, १ मार्च २०२७ लागतानाची मध्यरात्र. मतदारयादी, रेशनकार्ड, सातबारा यांचा जनगणनेशी संबंध नाही. कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारी माणसं, आणि तुमची चूल सध्या पुण्यात पेटते. यात्रेला घरटी वर्गणी देता म्हणून गावात वेगळं नाव लावायचा आग्रह धरू नका; दोनदा मोजले जाल. गावाकडे आई-वडील असतील तर त्यांना मात्र आधीच सांगून ठेवा की मोजणीदार आला तर पुण्याच्या पोरांची नावं घालायची नाहीत. माझ्या आईला मी सांगितलं. ती म्हणाली, ‘नावं नाय घालत, पण घर बंद हाय असं तरी नको लिहूस म्हणावं.’